त्र्याऐंशीवी गाठ

...आणि वर मलाच म्हणते कशी, "दादा, तुमचं वय चुकलंय!" आता तुम्हीच सांगा, वय चुकतं का हो कधी? माणूस रस्ता चुकतो, हिशेब चुकतो, बायको करताना चुकतो, पण वय? मी काय वय कुठे ठेवून विसरलो होतो? ब्याऐंशी वर्षं स्वतःच्या अंगावर वागवलेलं वय, गुडघ्यांना विचारा, पाठीला विचारा, आणि ही आठवीतली कार्टी, माझी सख्खी नात, हातात पेन्सिल घेऊन मला सांगते की चुकलंय! बरं, नुसतं चुकलंय म्हणाली असती तरी गिळलं असतं, पण त्या चुकण्यापायी माझी खुर्ची गेली ना!

थांबा. असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. चांदापासून सुरुवात करायला पाहिजे. सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फोडायचंय मला.

तुम्हाला सांगतो, मी जन्मलो रमजानची ईद झाल्यावर पाचव्या दिवशी. कुठली तारीख, कुठला महिना, विचारू नका. माझ्या अम्माला महिने माहीत होते ते चांदाचे. "ईद झाली, पाहुणे गेले, भांडी घासून पालथी घातली, आणि तू आलास," एवढाच माझा जन्मदाखला. ऊन म्हणाल तर असं की कावळा सावलीला बसला होता म्हणे. आणि आता? आता माझा वाढदिवस येतो थंडीत, मफलर गुंडाळून! का? कारण हे चांदाचं वर्ष आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. दर वर्षी अकरा दिवस मागे, दर वर्षी अकरा दिवस मागे. बाकीचे लोक हुशार, त्यांचा चंद्र मागे पडायला लागला की मधेच एक जास्तीचा महिना खुपसतात आणि गाडी रुळावर आणतात. आमच्यात तेरावा महिनाच नाही, दुष्काळातसुद्धा नाही! त्यामुळे आमची ईद फिरते. कधी घामाच्या धारा, कधी चिखल, कधी दात वाजतायत. तेहेतीस वर्षांत एक फेरा. माझ्या हयातीत अडीच फेरे झाले, आता पाय दुखले तर नवल काय!

आणि फिरते ती फिरते, नीट सांगून तरी फिरावं! तेही नाही. महिना एकोणतीसचा का तीसचा, हे एकोणतिसाव्या दिवशी सूर्य बुडाल्यावर ठरणार. दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा. मी आयुष्य काढलं लेथवर. पाण्याचे पंप बनवायचा कारखाना होता, त्यात मी शाफ्ट कातायचो. केसाएवढा फरक पडला तर फोरमन तो शाफ्ट माझ्या पायावर टाकायचा, वर म्हणायचा, "हा काय तुझ्या लग्नातला बांबू आहे?" आणि हे वर बसलेलं बेणं अख्खा एक दिवस इकडचा तिकडे करतं, त्याच्या पायावर कुणी काही टाकत नाही! पण चांदाचं काय हो, त्याला कुठे हजेरी लावायचीय!

हजेरी लावायची असते माणसाला. आमची सूनबाई बँकेत आहे. दर वर्षी तिचं तेच. साहेब विचारतो, "मॅडम, रजा नक्की कुठल्या दिवशी?" ही म्हणते, "सर, बुधवारी... किंवा गुरुवारी." "किंवा म्हणजे?" "म्हणजे सर, चंद्र दिसला की." "मॅडम, रजेच्या अर्जात 'किंवा' चालत नाही हो!" बिचारी दोन अर्ज लिहून ठेवते. बकरी ईद त्या मानाने सज्जन. तिचा चांद दहा दिवस आधी दिसतो, दहाव्याला ईद, माणसाला पँट इस्त्री करायला वेळ मिळतो. आणि आमचं नवं साल? मोहरमला कधी साल बदलतं ते मला चार दिवसांनी कळतं, तेही कुणी बोललं तर. पण ही रमजानची ईद म्हणजे... तीस दिवस उपाशी ठेवून वर 'ओळखा पाहू'!

असो. तर अम्मा माझी निरक्षर, पण पक्की. तिने काय केलं, एक लाल सुताची दोरी घेतली. ईदनंतरचा पाचवा दिवस आला की त्या दोरीला एक गाठ. एक वर्षाचा झालो, एक गाठ. दोन वर्षांचा झालो, दोन. जन्माच्या नोंदीत नाव नाही, दाखला नाही, फक्त दोरी. आणि नियम असा, की गाठ आपली आपण मारायची नाही, घरातल्या मोठ्या माणसाने मारायची. अम्मा गेली, मग माझी थोरली बहीण आपा मारायची. लांब राहायची, पण पाचव्या दिवशी येणार म्हणजे येणार, गाठ मारणार, माझ्या डोक्यात एक टपली मारणार, आणि "अजून अक्कल नाही आली" म्हणणार. सत्तरीच्या पुढे गेलो तरी टपली चालू! चार वर्षांपूर्वी आपाही गेली. तेव्हापासून खानदानात सगळ्यात मोठा मी. गाठ माझी मीच मारतो, एक टोक दातात धरून.

ही दोरी मोठी उपयोगाची. कारखान्यात लागलो तेव्हा क्लार्कने विचारलं, "वय?" अम्मा बरोबर आलेली, तिने पदरातून दोरी काढली. "मोजा." क्लार्क म्हणाला, "बाई, मला गाठी सोडायचा पगार मिळत नाही." तिने मोजून दाखवल्या. पंचवीस. त्याने लिहिलं पंचवीस. संपलं. हे पंचवीस लक्षात ठेवा, पुढे माझ्याच नरड्याशी येणार आहे.

आता या सगळ्यात हेडमास्तर कुठून आले, ते सांगतो.

हेडमास्तर म्हणजे माझे व्याही. सूनबाईचे वडील. चाळीस वर्षं शाळेत काढलेली, त्यातली पंधरा हेडमास्तर म्हणून. अंगाने काडी, आवाजाने घंटा. बायको वारली, एकटे पडले. सूनबाई म्हणाली, "अब्बा, बाबांना आपल्याकडे आणू?" मी काय नाही म्हणतो? मुलगा माझा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो, घरात जागा आहे. आणा म्हटलं. रमजान लागायच्या आठवडाभर आधी आले. एक ट्रंक, एक छत्री, आणि पुस्तकांची तीन खोकी. आणि बसले कुठे, माहितीय? खिडकीशी. माझ्या वेताच्या खुर्चीत!

अहो, ती खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नाही. ईदच्या दिवशी नमाज करून आलो की मी त्या खुर्चीत बसतो, आणि मग पोरं, सुना, पुतणे, भाचे, त्यांची पोरं, चाळीस-पंचेचाळीस माणूस रांगेने येऊन पहिला सलाम करतं, ते खानदानातल्या मोठ्याला. मग बाकीच्यांना. आपा गेल्यापासूनच्या सगळ्या ईदांना मी तिथे बसलो होतो. वर्षभर घरात मला कोण विचारतं? टीव्हीचा आवाज कमी करा, दार हळू लावा, औषध घेतलं का... पण त्या एका सकाळी, तुम्हाला सांगतो, मी राजा! आणि तिथे हा काडीपैलवान पाय लांब करून पेपर वाचतोय!

मी सरळ विचारलं. मला आडपडदा जमत नाही. "हेडमास्तर, वय काय तुमचं?"

"एक्याऐंशी पूर्ण," ते म्हणाले.

"माझं ब्याऐंशी पूर्ण, त्र्याऐंशीवी गाठ येत्या ईदला!"

मला वाटलं वाद घालतील. मास्तर माणूस, चार पुरावे मागेल. मी बाह्या सावरून तयार! तर ते पटकन उठले, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "मग तुम्ही थोरले. बसा." झालं! माणसाने भांडायला सगळी तयारी करावी आणि समोरच्याने अशी हवाच काढून घ्यावी... मला खुर्चीत बसल्यावरसुद्धा चैन पडेना.

म्हणून मी आणखी नियम केले. पेपर आधी थोरल्याला. आंघोळीचं गरम पाणी आधी थोरल्याला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन चांद बघायचा तो धाकट्याने. थोरल्याने खाली बसून फक्त विचारायचं, "दिसला का?" आमचं घर तळमजल्याला, गच्ची तीन जिने वर. चोपन्न पायऱ्या. मी मोजल्यात. रमजानचा चांद बघायला मी हेडमास्तरांना पाठवलं. "जा, धाकटे आहात." गेले बिचारे, एक्याऐंशी वर्षांचा माणूस, हूं की चूं नाही. मी खालून ओरडतोय, "दिसला का?" वरून घंटेसारखा आवाज, "ढग आहेत!" पुन्हा पाच मिनिटांनी, "दिसला का?" "ढग तेच आहेत!" आमची म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, लाज वाटते का? व्याही आहेत ते आपले. पोरीचा बाप आहे." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. ढगांना मी काय करू? चांदाचं काय हो, त्याला कुठे हजेरी लावायचीय!"

हसलो मी. मोठ्याने हसलो. हे हसणं लक्षात ठेवा तुम्ही.

रमजान छान चालला होता. मी रोजे धरत होतो, हेडमास्तरांना साखरेचा आजार, त्यांना डॉक्टरने मनाई केलेली. पण माणूस असा बिलंदर, की माझ्यासमोर दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. गोळी घ्यायची झाली तर स्वयंपाकघरात जाऊन, दाराआड, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "अहो, खुशाल प्या, मला काय फरक पडतोय?" तर म्हणतात, "वर्गात एकाला शिक्षा असली की बाकीच्यांनी गोळ्या चघळायच्या नसतात." मला रोज्याला शिक्षा म्हणाले म्हणून मी दोन दिवस बोललो नाही. पण आत कुठेतरी बरं वाटलं, ते जाऊ द्या.

आणि मग ती वंशावळ आली.

नातीच्या शाळेत सांगितलेलं, घरच्यांचं झाड काढा. खाली मूळ, वर फांद्या, प्रत्येकाची जन्मतारीख. कार्टी मोठा कागद पसरून बसली. "नाना, तुमची तारीख?" हेडमास्तरांनी दिवस, महिना, साल खडाखड सांगितलं. "दादा, तुमची?"

"ईदनंतर पाचवा दिवस."

"कुठल्या साली?"

"दोरी आण," मी म्हटलं. मी काय कच्चा आहे?

बिस्किटांच्या जुन्या डब्यातून दोरी निघाली. घरचे सगळे जमले, जसं काही विहिरीतून काही वर काढतायत. नात मोजायला लागली. एक, दोन, तीन... पन्नासच्या पुढे मी मान डोलवायला लागलो. ऐंशी... एक्याऐंशी. आणि थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे दोरीच आहे, दादा. एक्याऐंशीच भरतात."

"नीट मोज!"

"नीटच मोजल्या."

अहो, मी दोरी हिसकावून उलटीसुलटी केली! एक वर्ष गेलं कुठे? अख्खं वर्ष! मी जगलो होतो ते, फुकट नाही, दाढदुखीसकट जगलो होतो! म्हातारी म्हणाली, "बरं झालं, एक वर्षाने तरुण झालात, आता पाट्या टाकू नका, भाजी आणा." सूनबाईने हसू दाबायला तोंडाला ओढणी लावली. मी ओरडणार एवढ्यात हेडमास्तर पुढे आले. चश्मा कपाळावर चढवला, दोरी डोळ्यांशी धरली, टोकाकडून बोटाने चाचपत चाचपत आले आणि एका जागी थांबले. "हे बघ, बाळ. इथे सूत मुडपलंय. रंगही बघ, आतून गडद राहिलाय. इथे गाठ होती, ती सुटली. व्याहीबुवांचं बरोबर आहे, ब्याऐंशीच."

घ्या! ज्याला धाकटा म्हणून जिने चढायला लावलं, तोच माझ्या बाजूने साक्ष देतोय! मी छाती काढून म्हटलं, "लिही! ब्याऐंशी, आणि येत्या ईदला त्र्याऐंशी. या घरात थोरला मी."

कार्टीने पेन्सिल चावली. "पण दादा, ही वर्षं तर अकरा दिवसांनी कमी असतात ना?"

"असतात. मग?"

"मग त्र्याऐंशी गुणिले अकरा... नऊशे तेरा दिवस. म्हणजे अडीच वर्षं. म्हणजे तुम्ही त्र्याऐंशीचे नाहीच, तुम्ही साडेऐंशीचे. दादा, तुमचं वय चुकलंय! आणि नाना तर एक्याऐंशी पूर्ण. म्हणजे नाना मोठे!"

मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा शिव्यांसारखी ऐकू आली. मी म्हटलं, "त्यांचंही चांदात मोज की!" तर म्हणते, "त्यांचंही वाढेल ना दादा, दोघांचं वाढेल. कशातही मोजा, नाना मोठेच." आता हे काय गणित झालं? माझ्या बाजूने कुठून तरी सुटावं की नाही? आणि एवढ्यावर थांबली? छे! "आणि दादा, कारखान्यात तुम्ही पंचवीस लिहिलंत ना? पंचवीस गुणिले अकरा म्हणजे नऊ महिने जास्त लिहिलं गेलं. म्हणजे तुम्हाला नऊ महिने आधीच रिटायर केलं!"

नऊ महिने! अहो, नऊ महिन्यांत माणूस पोटातून बाहेर येतो, मला तेवढ्यात कारखान्यातून बाहेर काढलं! वीस वर्षांपूर्वी हार घालून, नारळ देऊन पाठवलं, आणि मी भाषणात म्हणालो होतो, "वेळेवर आलो, वेळेवर चाललो." टाळ्या पडल्या होत्या त्याला! सगळं खोटं! म्हातारी म्हणते, "तरीच. मी तेव्हाच म्हटलं, हे लवकर कसे घरी आले." आणि वर, "मग आता खुर्चीचं कसं करायचं?"

"ईदपर्यंत कुणी खुर्चीचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

दोन दिवस मी त्या खुर्चीतून उठलो तो फक्त नमाजला. मला माहीत होतं ना, उठलो की गेली! मनात एकच, ईदच्या सकाळी चाळीस माणसं दारातून येणार, आणि माझ्या घरात, माझ्या खिडकीशी, माझ्यासमोर, आधी दुसऱ्याला सलाम करणार. आणि मी कुठे बसू? स्टुलावर? भाजी निवडायला?

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच. हेडमास्तर आले आणि खरंच स्टुलावर बसले, माझ्यासमोर. मला म्हणाले, "व्याहीबुवा, पोरीचा गुणाकार बरोबर आहे. पण त्यातला एक आकडा खोटा आहे."

"माझा ना? चोळा मीठ!"

"नाही. माझा."

मी त्यांच्याकडे वळलो. ते हळू आवाजात बोलत होते, घंटेवर फडकं टाकल्यासारखे. म्हणाले, "मी सांगितली ती तारीख शाळा उघडल्याची आहे. आईबाप लवकर गेले, काकाने शाळेत नेलं. मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा? काका म्हणाला, माझं पोरगं आहे का ते, मला काय ठाऊक! मग मास्तरांनी माझे दात बघितले, घोड्याचे बघतात तसे, आणि सहा वर्षांपूर्वीचा तोच दिवस लिहून टाकला." आणि मग स्वतःच हसले. "पुढे मीही तेच केलं. माझ्या एका वर्गात सदतीस पोरं एकाच दिवशी जन्मलेली होती."

"सदतीस?"

"एकाच दिवशी. तपासणीला साहेब आला, म्हणाला, हेडमास्तर, तुमच्या गावात त्या दिवशी झालं काय होतं?"

मी रोज्यात हसत नाही. हसलो. पण डोकं माझं भरभर चालू लागलं. म्हणजे हा माणूस एक्याऐंशीचा नाहीच! किंवा असेल, किंवा ऐंशीचाही नसेल, कुणालाच माहीत नाही! म्हणजे मी आत्ता उठून सूनबाईला फोन लावला, की खुर्ची माझी! पुरावा माझ्याकडे आहे, ब्याऐंशी गाठी, यांच्याकडे फक्त घोड्याचे दात!

"हात लावू का?" त्यांनी विचारलं. दोरी माझ्या मांडीवरच होती. दिली. ते एकेक गाठ बोटाखालून घालवत होते, तस्बीहचे मणी ओढावेत तशा. टोकाशी आले. "या शेवटच्या सैल आहेत. कुणी मारल्या?"

"मी. दाताने."

"आणि आधीच्या?"

"अम्माने. मग आपाने. मोठ्या माणसाने मारायच्या असतात. आता मोठं कोण उरलंय? आपल्या हाताने मारलेली गाठ घट्ट बसत नाही, हेडमास्तर, कितीही ओढा. तुम्ही बघितलंत ना, एक सुटली." एवढं बोललो आणि म्हटलं, "रोजा लागलाय, जास्त बोलायला लावू नका."

ते दोरी बघत राहिले. म्हणाले फक्त एवढंच, "ब्याऐंशी वर्षं कुणीतरी मोजतंय. श्रीमंत आहात."

आता हे बोलायची काही गरज होती का? सांगा! सरळ सरळ भांडण जिंकत आलो होतो मी!

एकोणतिसावा रोजा. संध्याकाळ झाली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यालो, नमाज उरकला. सगळे खोलीत. नात म्हणाली, "चांद बघायला कोण जाणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. हेडमास्तर चपला शोधत होते, बिचाऱ्याने नियम मनावर घेतलेला. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले, उठलो, गुडघे बंदुकीसारखे वाजले, आणि म्हटलं, "हेडमास्तर, चपला ठेवा. पोरीचा हिशेब बरोबर आहे. तुम्ही थोरले. बसा इथे."

"व्याहीबुवा, मी तुम्हाला सांगितलं ना की..."

"तुम्ही मला काहीही सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "आणि मला ऐकू कमी येतं. बसा!"

बसले. कसे बसले माहितीय? खुर्चीच्या कडेला, पहिल्या दिवशी वर्गात आलेलं पोरगं बाकावर बसतं तसे. आणि तुम्हाला सांगतो, ही गोष्ट घरात अजून कुणाला माहीत नाही, त्यांचा तो आकडा. तुम्हाला म्हणून सांगितली. आमच्या म्हातारीला कळली तर ती परत नव्याने भांडण लावेल.

आणि मग नियमाने मी निघालो. चोपन्न पायऱ्या! हेडमास्तर चढले तेव्हा चोपन्न होत्या, मी चढलो तेव्हा दीडशे तरी झाल्या असतील. वर पोचलो तर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेली चादर, चार अँटेना, आणि वारा असा की मफलर पळतोय. आभाळ स्वच्छ. मी पश्चिमेला डोळे लावतो तर काय, चश्मा खाली! खिडकीच्या कट्ट्यावर! आता चश्म्यावाचून मला काय दिसणार? खालून घंटा वाजली, "दिसला का?"

"थांबा!"

"दिसला का?"

असा राग आला मला! किती वेळा विचारतो हा माणूस! आणि मग आठवलं, की हे आपणच शिकवलंय. डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटला, दुसरा मिटला. शेवटी टाकीच्या वर काहीतरी दिसलं, नखाच्या कातरणासारखं. पण तुम्हाला काय सांगू, मला एकाच्या जागी दोन दिसले! डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे माझ्या. मी खाली ओरडलो, "दिसले!"

"दिसला की दिसले?"

"दोन आहेत!"

खाली सगळं घर हसतंय, हे मला तीन मजले वर ऐकू आलं. तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, चांद झाला, उद्या ईद. त्यांना एकच दिसला होता. बाजूच्या इमारतीतली पोरं नाचायला लागली आणि मी गच्चीवर एकटा, मफलर धरून. म्हटलं, बघ बाबा, किती वर्षांनी तुला बघायला मी स्वतः वर आलो, आणि तू डबल होऊन आलास!

ईदची सकाळ. सूनबाईने दोनातला एक अर्ज फाडला. चाळीस माणूस आलं, दारातून थेट खुर्चीकडे, पहिला सलाम हेडमास्तरांना. ज्यांनी त्यांना आधी कधी बघितलंही नव्हतं, त्यांनीसुद्धा. पोरं गळ्यात पडत होती, ते प्रत्येकाला "इयत्ता कितवी?" विचारत होते, आणि त्यांचा चश्मा सारखा धुरकट होत होता. मी बाजूला स्टुलावर. दुसरा सलाम माझा. दुसराही काही वाईट नसतो हो, फक्त पाठीला टेकू नसतो.

आता ऐका. चौथ्या दिवशी नात तो झाडाचा कागद घेऊन आली. "नाना, तुमची चांदाची तारीख काय लिहू?" हेडमास्तर छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "लिही, ईदनंतर चौथा. मी पाचव्याला, ते चौथ्याला. थोरले आहेत ना, माझ्याआधी एक दिवस तरी पाहिजे."

"म्हणजे आज?" पोरगी ओरडली. "नाना, आज?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी अम्माच्या दोरीचं उरलेलं टोकाकडचं वीतभर सूत कापत होतो. म्हातारी म्हणाली, "अहो पण, गाठ मोठ्या माणसाने मारायची ना? यांच्याहून मोठं कोण आहे घरात?"

"मी!" मी म्हटलं. "गाठी कुणाच्या जास्त? माझ्या ब्याऐंशी, यांची एकही नाही. वयाने ते थोरले, गाठींनी मी थोरला!" आणि मारली एक. एकच. पहिली. लेथवर शाफ्ट आवळतात तशी आवळली. आणि डोक्यात एक टपली दिली, कारण ती द्यावी लागते, नाहीतर गाठ पूर्ण होत नाही. हेडमास्तर केवढे दचकले! आयुष्यभर पोरांना टपल्या दिल्या असतील, पण खाल्ली पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी पाचवा. त्यांनी माझी त्र्याऐंशीवी मारली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधलेला हात, सरकत नाही की हलत नाही. आधीच्या सैल गाठीही आवळल्या, सुटलेली परत मारली. आणि मग टपली. मास्तरांची टपली, तुम्हाला सांगतो, आपाची त्यापुढे काहीच नाही. कान अर्धा तास वाजत होता.

म्हणजे सगळं छान झालं असं तुम्ही म्हणाल. खुर्ची गेली, पेपर दुसऱ्या नंबरला मिळतो, शब्दकोडं सोडवलेलं, आंघोळीला कोमट पाणी... छान म्हणा की! आणि परवा पुन्हा एकोणतीस तारीख आली चांदाची. ईदही नव्हती, काही नव्हतं, साधा महिना. मी आपला मफलर काढून ठेवत होतो, तर खिडकीतल्या खुर्चीतून पेपर न हलवता आवाज आला, "धाकटे, नियम म्हणजे नियम. आणि चश्मा घेऊन जा."

चढलो. चोपन्न. ढग होते. मी तिथे अर्धा तास उभा, खालून दर पाच मिनिटांनी घंटा, "दिसला का?" आणि तो वर कुठेतरी ढगाच्या आड निवांत पडलेला. चांदाचं काय हो, त्याला कुठे हजेरी लावायचीय... त्याची हजेरी आता मीच लावतोय!